कवठाएवढा रोडगा

नामदेवमामांना कुणी विचारलं, "मामा, दोनशे माणसांना तूरडाळ किती लागेल?" तर ते किलोत उत्तर देत नसत. "आधी भांडं दाखव," म्हणत. भांडं समोर आलं की त्याच्या काठावरून हात फिरवत, आत डोकावत, बाहेरून एक टिचकी मारत आणि मग म्हणत, "आता चूल दाखव." तोवर विचारणारा कंटाळून निघून गेलेला असे. गावात त्यांचं नाव 'भांडं-दाखव मामा' असंच पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. राग यायचा तो एकाच जातीच्या माणसाचा, जो कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि दहा माणसांचं धरून शंभरानं गुणतो. दुर्दैवानं असं माणूस त्यांच्याच घरात भाड्यानं राहायला आलं होतं. ते माणूस म्हणजे मी.

अमडापूरपासून चार-पाच किलोमीटरवरच्या त्या गावात मी शाळेवर गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. माहेर शेगावचं, त्यामुळे बोली कानाला नवी नव्हती. पण चार बुकं शिकल्याचा तोरा होता, म्हणून बोलायचे मात्र पुस्तकी. मामांच्या घराची रस्त्याकडची खोली मला मिळाली. मामा आचारी. गावातली लग्नं, तेरव्या, सप्त्याची जेवणं त्यांच्याच हातची, आणि माघात मारुतीच्या पारावर होणारा हजार माणसांचा भंडारा तर त्यांच्याशिवाय होतच नसे. "चाळीस वर्षं झाले, माझ्या पंगतीतून कोनी उपाशी उठलं नाई आन माझा अंदाज चुकला नाई," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर यायचं. ते बोलायला लागले की मागं तांदूळ निवडत बसलेल्या जनामामी आवाज न करता नुसते ओठ हलवून तेच वाक्य शेवटपर्यंत म्हणायच्या. मला हसू आवरायचं नाही. मामा मागं वळून पाहायचे तेव्हा मामी तांदळातला खडा शोधत असायच्या.

पहिल्याच वर्षी एका लग्नात त्यांचं काम जवळून पाहिलं. मोठ्या कढईत मसालेभात रटरटत होता. वरचे दाणे अजून टचटचीत होते आणि मामांनी खालची लाकडं ओढून बाजूला केली. मुलीचा बाप घाबरला. म्हणाला, "मामा, कच्चा हाये ना बे अजून!" घाबरल्यावर माणूस कुणालाही बे म्हणतो. मामांनी झाकण लावलं, वर ओलं फडकं टाकलं आणि पान जुळवायला बसले. "घरचा गंज, लहानसं पातेलं, चुलीवरून उतरला की निवते. एवढ्या मोठ्या कढईले निवाले वेळ लागते. ते आता आपल्या तावावर शिजते. तुमी जाळ करसान तं बुडाले करपीन." अर्ध्या तासानं झाकण काढलं तर दाणा न् दाणा मोकळा. मी म्हटलं, "मामा, म्हणजे भांडं जेवढं मोठं तेवढा त्याचा ताव टिकतो." ते म्हणाले, "हाव. तुमच्या मामीचा राग पाहा ना. उशिरा येते, पन आला की आठ दिस जात नाई." मामी तिथं नव्हत्या म्हणून हे धाडस.

गावचेच एक साहेब मुंबईत मोठ्या नोकरीवर होते. त्यांनी देवळाला एक अवाढव्य पातेलं भेट दिलं. एवढं, की त्यात चार पोरं लपाछपी खेळताना लपली तर सापडू नयेत. ट्रॅक्टरवरून वाजतगाजत आलं, हार घातला, नारळ फुटला. साहेबांची इच्छा, की यंदाच्या भंडाऱ्याचा सगळा भात एकाच पातेल्यात व्हावा. मामांनी पातेल्याला प्रदक्षिणा घातली आणि साफ नाही म्हणाले. "साहेब, भाताले त्याचंच वजन सोसत नाई. एवढा ढीग एकावर एक टाकला तं खालच्याची पेज होईन आन वरचा तांदूळच राहीन. मले चार लहान गंज बरे." साहेबांचा चेहरा उतरला. मामांनी मग त्यांच्या पातेल्यात पंगतीचं प्यायचं पाणी भरायला लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पान्याले मात्र असंच भांडं पाह्यजे बरं का. दुपारपर्यंत तापत नाई." साहेब खूश झाले. माणसाचा मान ठेवून त्याला नाही कसं म्हणावं, हे मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते.

ही नजर त्यांच्याजवळ फक्त चुलीपुरती नव्हती. थंडीच्या दिवसांत सकाळी ते गोठ्यात जात तेव्हा पोतं नेहमी आधी बकरीच्या पिल्लांवर टाकत. बकरी बिचारी कुडकुडत बघत राही. मी एकदा म्हटलं, तिलाही घाला की. तर म्हणाले, "मोठं जनावर आपला ताव धरून राह्यते. पिलाजवळ ताव ठेवाले जागाच नाई, सारा कातड्यातून निघून जाते." शेजारची बाळंतीण पोर घेऊन अंगणात आली की तिलाही ओरडत, डोकं झाक वं त्याचं, एवढासा जीव हाये. स्वतः मात्र माघाच्या गारठ्यात उघड्या अंगानं आंघोळ करत.

गंमत अशी, की मी नववीच्या वर्गाला त्याच वर्षी घनफळ शिकवत होते. घनाची बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. फळ्यावर चौकोन काढायचे, पोरांकडून पाठ करून घ्यायचे, चाचणीत प्रश्न टाकायचे. हे जे मी खडूनं लिहिते ते पलीकडच्या अंगणात एक माणूस रोज हातानं करतो आहे, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. शिक्षकाच्या डोक्याला ही खोड असते.

तिसऱ्या वर्षी भंडाऱ्याच्या चार दिवस आधी मामांच्या छातीत कळ आली. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ठेवून घेतलं. मामी त्यांच्याबरोबर गेल्या. भंडारा समितीचं काम सुधाकरभाऊ पाहायचे, ते दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. "मॅडम, भंडारा तं टळत नाई. गावात हिशोबाचं माणूस तुमीच." मला आणखी काय हवं होतं? दोन वर्षं मी मामींच्या स्वयंपाकघरात चोरून मापं घेतली होती. दहा माणसांना डाळ किती, पाणी किती, कणीक किती, सगळं वहीत होतं. एका संध्याकाळी कागद तयार झाला. प्रत्येक आकड्यापुढे दोन शून्यं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करते.

आता रोडगे ज्यांनी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जाडसर कणीक, तिच्यात ओवा, मीठ, तेलाचं मोहन. पोळी लाटून, तेल लावून, घडीवर घडी घालून तिचा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरून भाजायचा. मामांचा रोडगा पेरूएवढा असे, एका माणसाला तीन. म्हणजे हजार माणसांना तीन हजार रोडगे वळायचे. मामा नव्हते, हात कमी होते. वळायला बसलेल्या बाया कुरकुरायला लागल्या, आणि मला ती कल्पना सुचली. मी म्हटलं, "तीन लहानांऐवजी एक मोठा करा. कणीक तेवढीच लागेल, काम तिसऱ्या हिश्शावर येईल." सुधाकरभाऊ जरा घुटमळले. "मामा लहानच करत व्हते." मी त्यांना हिशोब समजावून सांगितला. घनफळ काढून दाखवलं. कवठाएवढे, गुळगुळीत, देखणे हजार रोडगे सकाळी आरात पुरले गेले.

अकराच्या सुमाराला पहिला घाणा बाहेर काढला. वरून काळेकुट्ट. एक फोडला तर आत कच्ची कणीक, बोटाला चिकटणारी. दुसरा फोडला, तिसरा फोडला. पुन्हा आरात टाकावेत तर वरचा कोळसा होणार होता. तिकडे वरणाच्या कढईत बघितलं तर वरण नव्हतंच, पिवळं पाणी होतं. घरच्या लहान गंजातून ज्या प्रमाणात वाफ जाते त्या प्रमाणात त्या खोल कढईतून गेलीच नव्हती, आणि मी पाणी मात्र शंभरपट ओतायला लावलं होतं. पारासमोर पंगतीच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतून माणसं येऊन बसायला लागली होती, लेकरं ताट घेऊन पुढं सरकत होती. मामांचं चाळीस वर्षांचं ते एक वाक्य माझ्या कागदामुळं मातीत जाणार होतं, आणि मामा दवाखान्याच्या खाटेवर होते.

मी मामींच्या मोबाईलवर फोन लावला आणि बोलण्याऐवजी रडायलाच लागले. मामींनी फोन मामांकडे दिला.

"मॅडम, रडू नका. भांडं दाखवा."

मी व्हिडिओ चालू केला. नाकात नळी घातलेला तो चेहरा पडद्याजवळ आला. फोडलेला रोडगा मी त्यांच्यासमोर धरला.

"हा केवढा केला?"

"तिनाचा एक केला मामा. कणीक तेवढीच आहे."

ते म्हणाले, "कणीक तेवढीच हाये, पन जाळ अंदर जाईन कसा? त्याले वाट बाहेरूनच हाये ना, मॅडम. वाट लांबली, आन दार वाढलं नाई तेवढं."

फळ्यावर तीन वर्षं लिहिलेलं वाक्य मला त्या क्षणी समजलं.

"सुधाकर हाये का तिथं? त्याले म्हना, तेलाच्या कढया चढव. साऱ्या बायायले इळ्या घेऊन बसव. रोडग्याचं वरचं जळकं सालटं काढा, सुपारीएवढे तुकडे करा, तळून काढा. आज रोडगे नाई, बट्ट्या वाढा. लोक काही म्हनत नाईत." मागून नर्सचा आवाज आला, बोलू नका म्हणून. मामांनी तिलाही सांगितलं, "थांबा माय, हजार माणूस बसलं हाये." आणि मग मला, "वरन एका कढईत ठेवू नका. घरोघरच्या पसरट कढया, पराती आना. उथळ वाटून घ्या, दहा चुली मांडा, वाफ जाऊ द्या. उघडं जेवढं जास्त तेवढं लवकर आटते."

गाव धावलं. ज्या बाया माझ्यामुळं आधी खूश झाल्या होत्या त्याच आता सालटी काढत होत्या, आणि एकीनंही मला शब्द ऐकवला नाही. पंगत दोन तास उशिरा बसली. बट्ट्या खुसखुशीत झाल्या, वरण दाट झालं, पोरांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. एकही माणूस उपाशी उठला नाही. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही.

आठवड्यानं मामा घरी आले. ओसरीवर माणसं जमली होती, त्यांना बघायला. शेजारच्या वाडीवरच्या कुणीतरी भंडाऱ्याचा विषय काढला, रोडगे असे कसे बिघडले म्हणून. मी पुढं होऊन बोलणार होते. त्याआधी मामाच म्हणाले, "अंदाज माझा चुकला. म्याच जाताना मॅडमले सांगतलं व्हतं, औंदा हात कमी हायेत, तिनाचा एक करा म्हून." मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, चहा टाका ना जरा. दवाखान्यातला पिऊन तोंड खराब झालं." मी गेले. चहा टाकला. परत आले तेव्हा विषय कापसाच्या भावावर गेला होता. आज सांगते, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच लाज पुढं वाटत राहिली. खरं माहीत असलेले सुधाकरभाऊ आणि दोनचार बाया तेवढ्या होत्या, ते सगळे गप्प राहिले.

त्यानंतर मामांनी ते चाळीस वर्षांचं वाक्य म्हणणं सोडून दिलं. एकदाही म्हणाले नाहीत. मामी तांदूळ निवडत बसायच्या, मामा बोलत असायचे, आणि मी वाट बघायचे. मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, "मामा, मी सांगते लोकांना." तर म्हणाले, "झालं ना आता. लोकायच्या तोंडातून बट्ट्याची चव गेली का?" आणि मला कणकेचा गोळा हातात देऊन म्हणाले, "वळा. पेरूएवढा. नाई, एवढा नाई, लहान." डॉक्टरांनी जाळाजवळ जायला मनाई केली होती. पुढचे भंडारे ते खुर्चीत बसून काठीनं दाखवत करायचे आणि रोडग्यांचं माप माझ्याकडे असायचं. शेवटी शेवटी मी डोळे मिटून सांगू शकायचे.

वर्गात घनफळाचा धडा आला की मी आता घन काढत नसे, रोडगा काढत असे. पोरांना पटकन कळायचं. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढी सोपी गोष्ट हाये, मंग नामदेवमामाले कशी नाई समजली?" सगळा वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड केलं आणि नुसती तारीख पुसून पुन्हा लिहिली.

पाच वर्षांनी माझी बदली जळगाव जामोदला झाली. निघताना मामींनी डब्यात रोडगे बांधून दिले, मामा एसटीपर्यंत आले. पुढं लग्न, संसार, फोन कमी होत गेले. गेल्या हिवाळ्यात सुधाकरभाऊंचा फोन आला, मामा गेले. अंत्यविधीला पोचणं झालं नाही. तेरवीला मात्र दोन एसट्या बदलून गेले.

जेवणं उरकली आणि माणसं ओसरीवर बसली. मामांच्या आठवणी निघाल्या. मुंबईच्या साहेबांचं पातेलं निघालं, सगळे हसले. मग एक म्हातारे गृहस्थ मायेनं म्हणाले, "हातात देव व्हता मानसाच्या. जिंदगीत एकच डाव चुकला, त्या रोडग्याच्या वक्ताले." माना हलल्या. मला ते सहन झालं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर माझी चूक अजून उभी होती. मी उठून उभी राहिले. "ते चुकले नव्हते. मी चुकले होते. कागद माझा होता, मामांनी मला काहीच सांगितलं नव्हतं."

कुणी दचकलं नाही. म्हाताऱ्यानं खाली मान घातली, सुधाकरभाऊंनी मामींकडे पाहिलं. भिंतीला टेकून बसलेल्या मामी म्हणाल्या, "मॅडम, हे तुमी आमाले आता सांगून राह्यल्या का? साऱ्या गावाले माहीत हाये."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. एवढ्या बाया वळाले बसल्या व्हत्या, त्यायले काय कान नव्हते? दवाखान्यातून आल्या आल्या त्यायनं सुधाकरले घरोघर पाठवलं. म्हने, मॅडम पोरायले गनित शिकवते. तिचा हिशोब चुकला असं पोरायच्या कानावर गेलं तं पोरं उद्या फळ्याकडे पाह्यतीन का? माझं काय, मले आता कुठं चुलीपाशी बसा लागते. माझ्या नावावर टाका म्हने."

एवढी वर्षं मला वाटत होतं, की गाव फसलं आणि मी गप्प बसले. गप्प तर सगळं गाव बसलं होतं, माझ्यासाठी, आपल्याच पोरांपुढे. तो मागच्या बाकावरचा पोरगा सुधाकरभाऊंचाच होता. घरी बापाला खरं माहीत असून त्यानं पोराला कळू दिलं नव्हतं.

मामी म्हणाल्या, "पोरं शिकले ना चांगले? मंग झालं."

मी तिथंच ओसरीवर सगळ्यांसमोर बसून रडले. कुणी उगी म्हणालं नाही, मामींनी जवळ सरकून नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.